गैरहजेरी कुणाच्या लक्षात येते?

अलेक्झांड्रिया. इजिप्तच्या किनाऱ्यावरचं हे शहर. रोमन काळात इथे ज्यूंची फार मोठी वस्ती होती. त्यांच्या महासिनेगॉगचं, म्हणजे मोठ्या प्रार्थनागृहाचं, वर्णन तालमुद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथात, सुक्का या भागात येतं. इमारत एवढी अफाट, की प्रार्थना म्हणणाऱ्याचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नसे. मग मधोमध लाकडी चौथरा, त्यावर सिनेगॉगचा सेवक, हातात कापडी निशाण. आशीर्वचन संपलं की तो निशाण हलवी आणि सगळी सभा ‘आमेन’ म्हणे.

त्याच वर्णनात बसण्याची व्यवस्थाही सांगितली आहे. सोनार एकीकडे, चांदीकाम करणारे दुसरीकडे, लोहार वेगळे, विणकर वेगळे. परगावचा गरीब कारागीर आत आला की त्याला आपल्या धंद्याची माणसं ओळखू येत. तो त्यांच्यात जाऊन बसे आणि त्याच्या पोटापाण्याची सोय तिथेच लागे. एवढ्या मोठ्या जमातीतही, म्हणजे एका सिनेगॉगच्या मंडळींतही, नवख्या माणसाला नेमकं कुठे जायचं ते कळत होतं.

कोकणातल्या बेने इस्राएलांमध्ये, म्हणजे मराठी ज्यूंमध्ये, हे काम आडनाव करतं. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. नाव सांगितलं की गाव कळतं, गाव कळलं की कुठलं तरी नातं निघतंच. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी शआर हारहामीम हे सिनेगॉग उभारलं. त्याला ‘जुनी मशीद’ असंही म्हणत. गाव सोडून मुंबईत आलेल्यांना तिथे गाववाले भेटत. पुढे बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे ती स्थिरावली, पण ही आडनावं त्यांच्याबरोबर गेली.

अमेरिकेतल्या मोठ्या शहरी जमातींना असा आधार नसतो. सभासद कुटुंबं कधी हजाराच्या वर. कोण कुठून आलं, ठाऊक नाही. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी, जादा खुर्च्या मांडाव्या लागतात, आणि साध्या मंगळवारी सकाळी सातच्या प्रार्थनेला आठच जण जमतात. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या गटाला, दहा प्रौढ लागतात. ऑर्थोडॉक्स, म्हणजे कडक परंपरा पाळणाऱ्या, जमातीत हे दहा पुरुषच असावे लागतात, इतर बऱ्याच ठिकाणी स्त्रियाही मोजल्या जातात. दहा भरले नाहीत तर कद्दिश, म्हणजे मृतासाठी त्याच्या माणसांनी म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही. आईवडील गेलेला माणूस त्यासाठीच आलेला असतो. यादीत हजार कुटुंबं असून तो कद्दिश न म्हणता घरी परततो, ही मोठ्या जमातीतली सगळ्यात दुखरी गोष्ट आहे.

लॉस एंजेलिसच्या एन्सिनो भागात ‘व्हॅली बेथ शालोम’ ही जमात आहे. १९७०मध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) हॅरॉल्ड शुल्वाइस तिथे आले आणि त्यांनी मोठ्या जमातीच्या आत ‘हवुरा’ सुरू केल्या. हवुरा म्हणजे सुमारे दहा कुटुंबांचा गट, जणू कुटुंबांचं मिन्यान. शब्बाथचं (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विसाव्याच्या दिवसाचं) जेवण, सण, वाचन, कुणाचं आजारपण, सगळं या दहा घरांत. ही पद्धत पुढे इतर सिनेगॉगांनीही उचलली.

असा गट जमवताना मुलांची वयं, राहण्याचा भाग आणि आवडी विचारून घ्याव्या लागतात. भेट महिन्यातून एकदा, आळीपाळीनं एकेकाच्या घरी. पुढच्या भेटीची तारीख उठण्याआधी ठरवायची. ‘कळवतो’ म्हटलं की दोन महिने जातात. गट बिघडतात ते बहुधा एकाच कारणानं. एकच घर सगळं रांधतं, सगळ्यांना फोन करतं, आणि ते घर थकलं की गट संपतो. दुसरा धोका सावकाश येतो. गट इतका घट्ट होतो की नव्या माणसाला त्यात शिरता येत नाही. नव्यांना जुन्या गटांत ओढत बसण्यापेक्षा दरवर्षी नवे गट सुरू करावेत.

माणूस पहिल्यांदा येतो तो शनिवारी सकाळी. दाराशी कुणीतरी ‘शब्बात शालोम’ असं शब्बाथचं अभिवादन करतं, प्रार्थनेचं पुस्तक हातात देतं, पान उघडून देतं. पान उघडून देणं महत्त्वाचं, कारण हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं आणि नवखा तिथेच अडखळतो. पारंपरिक जमातीत शब्बाथला लिहायचं नसतं, फोन हातात घ्यायचा नसतो. त्यामुळे स्वागत करणाऱ्यानं पाहुण्याचं नाव लक्षात ठेवायचं आणि शनिवारी रात्री, तीन तारे दिसल्यावर, वहीत टिपायचं. प्रार्थनेनंतर किद्दुश असतो. द्राक्षरस, पाव, थोडं खाणं. तिथे जुनी मंडळी आपापल्या घोळक्यात उभी राहतात आणि नवा माणूस बशी घेऊन भिंतीशी. किद्दुशची पहिली दहा मिनिटं तरी नव्या माणसाशी बोलण्यासाठी राखून ठेवावीत.

आजाऱ्यांची यादीही बारकाईनं सांभाळावी लागते. बऱ्या होण्याच्या प्रार्थनेत आजाऱ्याचं नाव आईच्या नावासह घेतात. नावं वाढत जातात, काढत कुणीच नाही, आणि मग ती भराभर वाचली जातात. यावर एक उपाय आहे. दर महिन्याला यादी कोरी करायची आणि नाव ठेवायचं असेल तर घरच्यांना फोन करून विचारायचं. त्या फोनवरच कळतं की पेशंट घरी आला आहे आणि त्याला दवाखान्यात ने-आण करायला कुणी नाही. तालमुद सांगतो की भेटायला येणारा आजाराचा साठावा भाग घेऊन जातो. त्यातच गोष्ट आहे: रब्बी अकिवा आपल्या आजारी शिष्याकडे गेले तेव्हा त्यांच्यासाठी खोली झाडून तिथे पाणी शिंपडलं गेलं, आणि शिष्य बरा झाला.

दफनानंतर शिवा, सात दिवसांचा शोक. घरी परतल्यावरचं पहिलं जेवण शोकाकुलांनी आपलं खायचं नसतं. शेजारी आणतात, त्यात अंडी आणि मसूर असतात. भेटायला येणाऱ्यानं आधी बोलायचं नसतं, घरच्यांनी तोंड उघडेपर्यंत नुसतं बसायचं. घरी मिन्यान जमवायचं तर कमी उंचीच्या खुर्च्या आणि प्रार्थनेची पुस्तकं पोचवायला हवीत. जेवणाची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे हवी. नाहीतर पहिल्या दिवशी पाच घरांतून डबे येतात आणि पाचव्या दिवशी चूल थंड असते. घर कोशर, म्हणजे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम, पाळतं का, तेही आधी विचारावं.

आईवडिलांसाठी कद्दिश अकरा महिने म्हणतात. त्या अकरा महिन्यांत तो माणूस मंगळवारच्या सकाळीही येतो, शेजारच्या खुर्चीवरच्याशी त्याची ओळख होते. मग कद्दिश संपतो आणि तो येईनासा होतो. कार्यालयाच्या यादीत तो सभासद आहेच, त्यामुळे तिथे कुणाला फरक कळत नाही. कळतो तो त्या शेजारच्याला. ‘रोज येणारा एक दिवस आला नाही, तर देव त्याची चौकशी करतो’, असं तालमुदच्या बेराखोत भागात म्हटलं आहे. बाराव्या महिन्यात त्याच शेजाऱ्यानं फोन करायचा आणि विचारायचं: गुरुवारी नऊच जण आहोत, एकाला आईचा कद्दिश म्हणायचाय, येतोस का?