नोंदणी आहे, पण करमाफी?

(दृश्य: सार्वजनिक वाचनालय. कपाटातून लाल फडक्यात बांधलेली फाइल बाहेर येते.)

तालुक्याच्या गावातलं वाचनालय. सकाळी वर्तमानपत्रं चाळायला निवृत्त मंडळी येतात, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं. कार्यवाह फाइल सोडतात. सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं नोंदणी प्रमाणपत्र. “आपली संस्था रजिस्टर आहे, आपल्याला कसला टॅक्स?” हे वाक्य अशा कपाटांपुढे महाराष्ट्रभर ऐकायला मिळतं.

गफलत नेमकी इथेच होते. धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी झाली, की संस्था सार्वजनिक न्यास ठरते. करमाफी मात्र आयकर खातं देतं, आणि तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. वर्षानुवर्षं लोक दोनच आकडे बोलत आले: १२ ए आणि ८० जी. पहिल्याने संस्थेच्या उत्पन्नाला सूट मिळते, दुसऱ्याने देणगीदाराला वजावट. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं, असं नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, बोलण्यात मात्र अजून जुनेच आहेत.

(दृश्य: संगणकाचा पडदा. ओटीपीची रिकामी चौकट.)

अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत संस्थेची घटना, परिशिष्ट एकचा म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासांच्या नोंदवहीचा उतारा, मागचे हिशेब. सगळं स्कॅन झालं, पॅन टाकला, आणि ओटीपी गेला जुन्या अध्यक्षांच्या मोबाइलवर. ते वारले, त्याला चार वर्षं झाली.

नवे अध्यक्ष सभेत निवडले गेले, इतिवृत्तात ठराव आहे, सह्या आहेत. पण विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, तो कुणी दिलाच नाही. सरकारदरबारी आजही तेच अध्यक्ष. छोट्या संस्था खऱ्या अडतात त्या इथे. काम चोख असतं, हिशेब पै-पैचा असतो, कागद तेवढा मागे राहिलेला असतो.

पूर्वी आयकर खात्याकडे करमाफीसाठी एकदा मिळालेली नोंदणी सहसा कायम चालायची. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्यांनाच नव्याने अर्ज करावा लागला. मुदती वाढत वाढत ३० जून २०२४ पर्यंत गेल्या. मिळालेली नोंदणी पाच वर्षांची. ज्यांची ३१ मार्च २०२६ ला संपत होती, त्यांनी सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत, पुन्हा अर्ज करायचा होता.

ती तारीख चुकली तर? २०२३ पासून त्याची शिक्षा फार जबर आहे. संस्थेच्या मालमत्तेची बाजारभावाने किंमत काढायची, देणी वजा करायची आणि उरलेल्या रकमेवर कमाल दराने कर. आजोबांच्या काळात कुणीतरी दान दिलेली जागा आज बाजारपेठेत आली असेल, तर तो कर भरायला ती जागाच विकावी लागेल. वाजवी कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार ऑक्टोबर २०२४ पासून आयकर आयुक्तांना मिळाला. पाच कोटींच्या आतल्या उत्पन्नाच्या संस्थांना २०२५ पासून पाचऐवजी दहा वर्षांची नोंदणी मिळू लागली. हे आधीच व्हायला हवं होतं.

(दृश्य: पावतीपुस्तक. पेन थांबतं.)

एक आजी वाचनालयाला पाच हजार रुपये रोख देतात. नाव नको म्हणतात, गुप्तदान लिहा. मनाचा मोठेपणा तो. पण निनावी देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांतल्या मोठ्या रकमेच्या पुढे गेल्या, तर धर्मादाय संस्थेला त्या वरच्या रकमेवर तीस टक्के कर बसतो. देणगीदाराला वजावट हवी असेल तर रोख दोन हजारांपर्यंतच चालते, पुढचं चेकने किंवा ऑनलाइन. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे, त्यांना ही वजावट मिळतच नाही. पावती फाडतानाच हे सांगावं, नंतर वाईटपणा येतो.

आजी शेवटी नाव सांगतात. कार्यवाह पावतीवर ते सावकाश लिहितात, कार्बनखालच्या प्रतीवर उमटलं का ते बघतात, आणि बाजूला ठेवलेला कोरा बदल अर्ज पुढे ओढतात.