पंच हजर असलेली खोली

मार्च १९९३ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी एक निकाल दिला. काही प्रौढ पुरुषांनी खासगीत, राजीखुशीने एकमेकांना वेदना दिल्या होत्या. तक्रार कुणाचीच नव्हती. तरी संमती हा बचाव होऊ शकत नाही, असं ठरलं. बहुमतातले लॉर्ड जॉन्सी यांनी एक मुद्दा असा मांडला की मुष्टियुद्धात पंच असतो, इथे पंच कुणीच नव्हता.

तो निकाल मला अन्यायाचा वाटतो. पण पंचाचा मुद्दा मी सोडून देऊ शकत नाही. बीडीएसएमसाठी, म्हणजे राजीखुशीने बांधणं, वेदना देणं, हुकूम चालवणं अशा खेळांसाठी, मुद्दाम राखलेल्या जागा का हव्यात, याचं उत्तर मला त्यातच सापडतं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७५ साली एका घराच्या तळघरात ‘कॅटाकॉम्ब्ज’ ही अशीच एक खासगी जागा सुरू झाली. स्टीव्ह मॅकईचर्न हा यजमान. ओळखीशिवाय आत प्रवेश नसे. सुरुवातीला तिथे समलिंगी पुरुषच येत. १९७४ साली ‘सोसायटी ऑफ जेनस’ ही बीडीएसएमची संघटना स्थापन करणाऱ्यांपैकी सिंथिया स्लेटर हिच्यामुळे पुढे बायकाही येऊ लागल्या. याच सिंथियाने १९८५ मध्ये बायकांसाठी एचआयव्हीची माहिती देणारी फोनसेवा उभी केली. काळजी घेणं हा या मंडळींच्या लेखी खेळाचाच भाग होता, हे लक्षात घ्या.

आता अशा जागांना डंजन म्हणतात आणि तिथल्या पंचाला डंजन मॉनिटर. दंडाला पट्टी बांधून तो फिरत असतो. त्याच्याकडे बँडेज कापायची, बोथट टोकाची कात्री असते. दोरीने बांधलेल्या माणसाची बोटं बधिर व्हायला लागली तर गाठ सोडवत बसायला वेळ नसतो. त्या कात्रीचं खालचं पातं कातडी आणि दोरी यांच्यामध्ये सरकतं, टोचत नाही, आणि दोरी तुटते. दोरी महाग होती का, हे कुणी विचारत नाही.

सेफवर्डचंही तसंच. खेळात ‘नको, नको’ हे संवादाचा भाग असू शकतं, म्हणून थांबण्यासाठी वेगळा शब्द आधी ठरवतात. बहुतेक ठिकाणी ‘रेड’. तोंड बांधलेलं असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा देतात. जुडगा खाली पडला की सगळं थांबलं. बऱ्याच ठिकाणी दारू मिळत नाही, फोटो तर काढूच देत नाहीत.

नव्या ओळखीच्या माणसाच्या बंद फ्लॅटमध्ये यातलं काय असतं? म्हणून नवख्यांना मी सांगतो, आधी ‘मंच’ (munch) नावाच्या भेटीला जा. रोजच्या कपड्यांत, कॅफेत बसून नुसत्या गप्पा. तिथेही कुणी दडपण आणू शकतं, आणि मॉनिटरला मनातलं दिसत नाही, हे मी लपवणार नाही. पण चार जण ओळखीचे झाले की विचारायला कुणीतरी असतं.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये अठरा वर्षांवरच्या व्यक्तीच्या संमतीला काही जागा आहे, गंभीर दुखापतीची शक्यता नसेल तर. उदाहरण दिलंय ते गंमत म्हणून तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं. हे उदाहरण १८६० च्या दंडसंहितेतून आलेलं आहे.

डंजनच्या एका कोपऱ्यात सोफा, पाणी आणि जाड चादर असते. सीन, म्हणजे ठरवलेला खेळ, संपला की अंग थरथरतं, कुणाला रडू येतं. जोडीदार त्या माणसाला चादर पांघरवून शेजारी बसून राहतो. मॉनिटर लांबून बघतो आणि त्यांच्याशी कुणाला बोलू देत नाही.