पारय वाजली, म्हणजे झालं?

(राजापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ ठेवून संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘घर बांधण्यापूर्वी जमिनीची तपासणी’. तपासणीच्या पद्धती मी सांगणार आहेच. त्याआधी एक विचारते. ज्यांनी स्वतःचं घर बांधलंय त्यांनी हात वर करा बघू. पुष्कळ आहेत, छान. आता यातल्या कितीजणांनी पाया खणायच्या आधी खाली काय आहे ते तपासून घेतलं होतं? दोन. काका, विहिरीसाठी पाणाड्या आणला होतात तो यात धरायचा नाही हं. म्हणजे एक.

मी काही रागावत नाही. आपल्याकडे तपासणीची एकच पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गवंडी येतो, पारय, म्हणजे लोखंडी पहार, उचलतो, जमिनीवर आपटतो. खणखणीत आवाज आला की म्हणतो, “कातळ आहे, घाला जोतं.” तीस वर्षं मी जमिनीला भोकं पाडण्याचं काम केलं, धरणांसाठी, पुलांसाठी, इमारतींसाठी. त्या तीस वर्षांत हे वाक्य मी किती ठिकाणी ऐकलं त्याला मोजदाद नाही. आज मला या एका वाक्याशीच भांडायचं आहे.

जांभ्यावर, आपल्या या तांबड्या दगडावर, माझा जीव आहे हे आधीच सांगते. मी वाढले ती जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात, खेळले ती सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. या दगडाला जगाच्या पुस्तकात जे नाव आहे, लॅटेराइट, ते फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या डॉक्टरने दिलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना १८००च्या सुमारास तो मलबारात फिरत होता. अंगाडीपुरमला त्याने पाहिलं की लोक जमिनीतून विटा कापाव्यात तसा हा दगड कापतात. लॅटिनमध्ये विटेला ‘लेटर’ म्हणतात, त्यावरून त्याने हे नाव ठेवलं आणि १८०७ साली ते छापून आलं. जे पाहून त्याला नवल वाटलं, ते आपले चिरेखाणीतले लोक रोज करतात. कापताना मऊ आणि उन्हावाऱ्यात राहिल्यावर टणक, हा या दगडाचा गुण.

पण हा दगड झाला कसा, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या पायाखाली मुळात काळा दगड आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला, तो हा बेसॉल्ट, आपला काळवत्री. त्यावर आपल्यासारखा पाऊस, वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर, लाखो वर्षं पडला. पाण्याने दगडातली वाळूची जात, म्हणजे सिलिका, हळूहळू वाहून नेली. चुना, सोडा ही द्रव्यं तर केव्हाच गेली. मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजलं, म्हणून लाल रंग. तेच वर घट्ट जमलं, म्हणून कवच.

आता नीट ऐका, सगळी गोम इथे आहे. इतर बऱ्याच ठिकाणी जमीन वर मऊ असते आणि खाली कडक होत जाते. वर माती, मग मुरूम, मग दगड. आपल्या सड्यावर उलटं आहे. वर कडक कवच, त्याखाली ठिपक्याठिपक्यांचा भुसभुशीत जांभा, त्याखाली गुलाबी, पांढरी, जांभळट अशी चिकट माती. शास्त्रात तिला लिथोमार्ज म्हणतात. मग अर्धवट कुजलेला काळा दगड, त्यात मोठमोठे गोटे, आणि सगळ्यात शेवटी खरा पाषाण. शहाळं डोळ्यांसमोर आणा. वर कवटी, आत मलई, आणि पाणी. पारय फक्त कवटीवर वाजते. चिरेखाणीत काम केलेलं कोणी असेल तर त्यांना हे ठाऊक आहे. खाली जाता जाता एका पातळीला चिरा मऊ लागतो, धड निघत नाही, आणि तिथे खाण थांबते. ती का थांबते, हे घर बांधताना आपण विचारत नाही.

माझ्या मामाची गोष्ट सांगते. ही मी प्रत्येक ठिकाणी सांगते, आणि सांगत राहणार.

मामा मुंबईत आयुष्यभर नोकरी करून गावी परतला. पै-पै साठवून सड्याच्या कडेला जागा घेतली होती. पुढे उतार, उताराखाली नारळी-पोफळीचं आगर, त्यापलीकडे समुद्र. मामी म्हणायची, “स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला गलबतं दिसली पाहिजेत.” स्वयंपाकघर कडेच्या बाजूला घेतलं ते त्यासाठी. ठेकेदार आला, पारय आपटली, आवाज खणखणीत. “शंभर वर्षं हलायचं नाही,” म्हणाला. तो माणूस खोटारडा नव्हता. त्याने सड्याच्या मधोमध कितीतरी घरं बांधली होती आणि ती सगळी उभी होती. सड्याचा मध्य आणि सड्याची कड या दोन वेगळ्या जमिनी आहेत, एवढंच त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. परवानगीसाठी एका कार्यालयाने मागितलेल्या कागदांची चळत मामाने मला पुढे दाखवली. सातबारा, नकाशा, संमतीपत्रं, पावत्या. जमिनीखाली काय आहे याबद्दलचा एकही कागद त्यांनी मागितला नव्हता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या दाराची कडी बसेना. सुतार आला, दार तासून गेला. तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तिरकी भेग गेली. गवंडी आला, सिमेंट भरून गेला. चौथ्या पावसाळ्यात त्या भेगेत मामीचं बोट जायला लागलं. तेव्हा मामाने मला बोलावलं. मी गणपतीला गेले. आरती झाली की सगळे भजनाला बसत, आणि मी टॉर्च घेऊन भिंतींवरून हात फिरवत बसे. भिंत सरळ खाली बसली असेल तर भेग एका जातीची असते, एक कोपरा खचला असेल तर दुसऱ्या जातीची. ही भेग कोपरा खचल्याचं सांगत होती. पण कातळ खचेल कसा?

उत्तर मला आगरातल्या आजींनी दिलं. मी उतरून खाली गेले होते, सहज म्हणून. आजी झऱ्यावर कळशी भरत होत्या. म्हणाल्या, “अगो, तुझ्या मामाचं घर झाल्यापासून आमचा झरा पावसात दुधासारखा येतो. आधी कसा आरशासारखा होता.” माझ्या अंगावर काटा आला. मी काचेची बाटली आणली, झऱ्याचं पाणी भरलं, रात्रभर खिडकीत ठेवली. सकाळी बाटलीच्या तळाशी गुलाबी-पांढरा साका बसला होता, बोटभर जाड.

मी मामाला विचारलं, “शोषखड्डा कुठे आहे?” स्वयंपाकघराच्या मागेच, सहा-सात हातांवर. “खणताना काय लागलं?” मामा आठवून म्हणाला, “वरचं पाच-सहा फूट खणताना गड्यांच्या हाताला फोड आले. मग एकदम लोणी लागलं. ठेकेदाराने खोदाईची मजुरीही कमी लावली.” मंडळी, ते लोणी लागलं तीच तपासणी होती. फुकटात झालेली. ती वाचायला कोणी नव्हतं. मला फार वेळ वाटत राहिलं की त्या दिवशी मी तिथे असते तर.

झालं होतं असं. कवच फोडून खड्डा थेट चिकट मातीत नेला. न्हाणीघराचं पाणी त्यात, छपराच्या पन्हळीचं पाणीही त्यात. त्या मातीतून पाण्याला बाहेर पडायला खालचा झरा होताच. चार पावसाळे पाणी त्या वाटेने धावलं आणि मातीचा कण न्‌ कण घेऊन गेलं. स्वयंपाकघराखाली पोकळी झाली. कवच काही काळ फळीसारखं तगलं, मग वाकलं. वरून पारय आपटली असती तर त्या दिवशीही ती खणखणीत वाजली असती.

स्वयंपाकघर आणि मागची खोली उतरवावी लागली. शोषखड्डा बुजवला, पाणी बंद नळाने लांब नेलं. पुढचा भाग आजही उभा आहे. मामीची खिडकी मात्र गेली. नवीन स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आहे, तिथून गलबतं दिसत नाहीत.

हे घरापुरतंच नाही. तुम्ही सगळे कोकण रेल्वेने जाता-येता. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पण तो कठीण दगडातला. त्या मार्गावरचे नऊ बोगदे मऊ मातीतले होते, आणि अभियंत्यांचा खरा कस तिथे लागला. गोव्यातला पेडण्याचा बोगदा लांबीला करबुड्याच्या पाव हिश्श्याएवढासुद्धा नाही, तरी त्याला सहा वर्षं लागली. पाण्याने भिजलेली माती खणली की परत आत येई. १९९८ साली गाड्या सुरू झाल्या, आणि २०२४च्या जुलैत त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल येऊन गाड्या थांबल्या. माती विसरत नाही. आणि घाटाच्या पायथ्याला तर याहून जड गोष्टी आहेत. महाडजवळचं तळिये, २२ जुलै २०२१. एका संध्याकाळी ऐंशीहून अधिक माणसं गेली. तिथे जांभा-बिंभा नव्हता, काळ्या दगडाच्या उतारावर साचलेली माती पाणी पिऊन सुटली. त्याबद्दल मी घाईत बोलणार नाही, ते वेगळं व्याख्यान आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. बरं. मग पद्धती भराभर सांगते, लिहून घ्या.

पहिली तपासणी बिनपैशाची. जागेचं जुनं नाव विचारा. खाजण, भाट, मळा, झरी, कोंड, सडा ही नावं आपल्या पूर्वजांनी उगाच ठेवली नाहीत. ‘झरीचं टेंब’ असं नाव असेल तर पाणी कुठून येतं ते आधी शोधा. शेजारच्या विहिरींत डोकावा, विहीर म्हणजे आयतं खणून ठेवलेलं भोक. कितव्या फुटाला काय लागलं ते विहीर खणणाऱ्याला विचारा. जवळची चिरेखाण बघून या. आणि झरे बघा, मे महिन्यातही आणि ऑगस्टातही.

दुसरी, चाचणी खड्डा. पायाच्या खोलीवर थांबू नका. ढोबळ हिशोब असा की पायाच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट खोलीपर्यंत पायाचा भार जाणवतो. म्हणजे पाया चार फूट रुंद असेल तर त्याच्या तळाखाली सहा ते आठ फूट काय आहे हे कळायला हवं. सड्याच्या कडेला असाल तर कवच ओलांडून खालच्या मातीपर्यंत जाच. आणि तपासून झालं की खड्डा नीट ठोकून बुजवा, नाहीतर तोच शोषखड्डा होतो.

किती खड्डे? भारतीय मानकात, आयएस १८९२मध्ये, ०.४ हेक्टरच्या आसपासच्या, म्हणजे सुमारे एकरभराच्या जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक पुरेसा म्हटलाय. लहान घराला मध्ये एकही चालतो. माझं आपलं मत, कडेच्या जागेत तो एक खड्डा कडेच्या बाजूला घ्या.

तिसरी, बोअर, म्हणजे मशीनने पाडलेलं खोल भोक. मोठी इमारत, पूल, शाळा असेल तर हवीच. त्यात एक ठोक्यांची चाचणी करतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडायचा. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढचे ३० सेंटिमीटर नळी आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. आपल्याकडे फसगत इथेच होते. जांभ्याच्या कवचात ठोके पन्नासच्या वर जातात, कामगार ‘दगड लागला’ म्हणून लिहितो आणि मशीन उचलतो. त्याला थांबवा. आणखी काही मीटर भोक पाडायला लावा. कुजलेल्या काळ्या दगडातही तेच, एखादा मोठा गोटा लागला की तळ लागल्यासारखं वाटतं. सलग तीन मीटर पाषाण मिळाल्याशिवाय मी तरी सही करत नसे.

चौथी, कोअर. बोअरमधून निघालेले दगडाचे दंडगोल पेटीत क्रमाने ठेवतात. १० सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज करायची आणि एकूण लांबीशी तिचं प्रमाण काढायचं, त्यावरून दगड किती अखंड ते कळतं. साध्या एकेरी नळीने जांभा काढू देऊ नका, पाण्याने त्यातली मऊ माती धुऊन जाते आणि पेटीत फक्त कडक खडे उरतात. दुहेरी नळी मागा. जिथे कोअर आलाच नाही ती रिकामी जागा आधी बघा. पोकळी असेल तर ती तिथे असते.

खाडीकाठच्या भरावाबद्दल बोलायचं राहिलंच. तिथला चिखल भाराखाली वर्षानुवर्षं पाणी सोडत बसत राहतो. ते गणित कार्ल टेर्झागी या अभियंत्याने १९२५च्या पुस्तकात मांडलं. भराव टाकल्याच्या वर्षी त्यावर घर बांधू नका, आज इतकंच.

आणि पाणी. भोक पाडल्यावर लगेच नव्हे, चोवीस तासांनी पाण्याची पातळी मोजा. पावसाळ्यात परत मोजा. छपराचं पाणी कुठे जाणार ते घराच्या नकाशावर काढून घ्या, खिडक्या-दारं काढतो तसं.

थांबते. बाहेर ओट्यावर कोअरच्या दोन पेट्या ठेवल्या आहेत, इथल्याच एका सड्यावरच्या. वरच्या कप्प्यात जांभा आहे, तो वाजवून बघा. मग तिसऱ्या कप्प्यातल्या गुलाबी मातीला अंगठा लावा, ती ओली ठेवली आहे. हात धुवायला पिंपात पाणी आहे. पेट्यांशेजारी वही आहे, ज्यांची जागा सड्याच्या कडेला आहे त्यांनी वाडीचं नाव आणि जवळच्या झऱ्याचं पाणी पावसात कसं येतं ते तिच्यात लिहून ठेवा. मी रविवारपर्यंत गावात आहे, येऊन बघेन.