आजाराचे उपकार मला मानायचे नाहीत

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'आजाराने मला घडवलं'. खरं सांगू का, आजाराने मला काही घडवलंबिडवलं नाही, त्याने मला पाडलं. मी रावेरकडचा केळीवाला, भर मे महिन्यात बागेत उभा राहणारा, आणि टीबी झाल्यावर ओसरीपासून न्हाणीपर्यंत जायला भिंत धरायला लागायची. खोकला, रात्री घामाने बनियन ओलं, वजन उतरलेलं, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणणार "भाऊ, हिंमत ठेवा". कुठे ठेवायची ते मात्र कोणी सांगत नाही!

साध्या टीबीला, म्हणजे औषधाला दाद देणाऱ्या, सहा महिने उपचार असतात, पहिले दोन महिने चार औषधं, मग पुढे तीन. अवघड सुरुवात नसतेच हो, अवघड तेव्हा होतं जेव्हा बरं वाटायला लागतं, खोकला थांबतो, जेवण जातं आणि मन म्हणतं आता कशाला रोज रोज. तिथे गोळ्या सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, मग सगळंच लांबतं. त्या दिवसांत आमच्या आशाताई दारात उभ्या राहायच्या, "गिळा माझ्यासमोर, मग मी जाते". मला असा राग यायचा! इतकी वर्षं मजुरांना मजुरी देणारा माणूस मी, आणि आता पोरासारखं तोंड उघडून दाखवायचं. पण माझ्यात जे काय वाढलं ते तिथेच वाढलं, दुसऱ्याचा हात धरायची लाज गेली. केळीचा घड जड झाला की टेकू लावतोच ना आपण, झाडाला कोणी नावं ठेवतं का?

अमेरिकेतले टेडेस्की आणि कॅल्हून म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९९६ साली आघातानंतर माणसात होणारी वाढ मोजायची प्रश्नावलीच काढली. त्यांचं मला पटलेलं एवढंच, की वाढ दुखण्यातून आपोआप येत नाही, त्याच्याशी झगडताना येते, आणि आली तरी त्रास संपतो असं नाही. ज्याच्यात नाही आली तो काय नापास झाला का?

जळगावात बोलतोय म्हणजे बहिणाबाई येणारच. ऐन तिशीत नवरा गेला, एक मुलगा प्लेगमुळे अपंग झाला, आणि आपण लगेच म्हणून मोकळे, दुःखातून काव्य आलं. मला नाही पटत. दुःख तर तेव्हा घरोघरी होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ते उतरवून घेतलं नसतं तर १९५२ ला पुस्तक कुठलं निघालं असतं?

आता आमच्याकडे कोणाला टीबी निघाला आणि पेशंटला चालत असेल तर मी जातो. हिंमतीचं बोलतच नाही. टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते ते आधी सांगतो, नाहीतर माणूस रक्त समजून हादरतो. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते, पैसे खात्यात येतात का बघतो, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. घरच्यांनी ताट वेगळं काढलं असेल तर समजावतो, की बाई, टीबी खोकल्यातून हवेने पसरतो, ताटवाटीने नाही.

परवा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, तू खरंच बरा झाला का रे? म्हटलं बाबा, जिना चढताना अजून दम लागतो, पण बागेत जातो.

"मंग आन पानी," बाबा म्हणाले.