अंथरुणावरच्या माणसाची सेवा आणि महिन्याचा हिशेब

ऊसतोडीचा हंगाम लागला की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांवर म्हातारी माणसंच मागं राहतात. हिंडतीफिरती असतात तोवर भागतं. पण आजोबांना लकवा मारला किंवा आजीचं खुब्याचं हाड मोडलं, की अवघड होतं. अंबाजोगाईला नाहीतर संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयात, उपचार होतात, टाके निघतात, सुट्टी मिळते. पुढं काही महिने कूस कोण बदलणार?

पैशाची गफलतही इथंच होते. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. ते जरूर काढा. मात्र ते चालतं योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर. अंथरुणावरच्या माणसाला ठेवून सांभाळणाऱ्या शुश्रूषा केंद्रातला मुक्काम, घरी येणारी आया, डायपर यांचे पैसे त्यातून मिळत नाहीत. मेडिक्लेमचंही बहुतेक तसंच. हा खर्च दरमहा असतो, म्हणून पैसाही दरमहा हाती येईल अशी सोय लावावी लागते.

माणसाला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं असेल, तर ते बघायला शक्यतो संध्याकाळनंतर जा. रात्रपाळीला किती माणसं आणि किती रुग्ण, ते विचारा. साधारण दर २ तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाड, खुबे, टाचा इथली कातडी दबते, रक्त पोचत नाही. आधी लाल डाग, मग जखम. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. नाकातल्या नळीनं भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, आणि नंतरही किमान अर्धा तास तशीच. लगेच आडवं केलं तर अन्न उलटून फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगलेली असावी, फरशीवर पडलेली नको. हे रात्रपाळीच्या माणसाला सांगता आलं नाही, तर तिथं अनामत भरू नका.

दर ठरवताना डायपर, औषधं, फिजिओथेरपी, ऑक्सिजन, रुग्णवाहिका त्यात धरलेत का, ते लिहून घ्या. रुग्णाला मध्येच दवाखान्यात हलवलं तर त्या दिवसांचे पैसे वळते होतात का आणि अनामत कधी परत मिळते, हेसुद्धा.

आता जमेची बाजू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १० लाख ठेवले आणि ८.२ टक्के दर धरला, तर तिमाहीला २०,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ६,८३३ पडतात. ६५ च्या पुढच्या गरीब माणसाला श्रावणबाळ योजनेचे १,५०० मिळतात, अर्ज तहसीलला. बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलेल्या शेताचा पैसा सोयाबीन निघाल्यावर एकदम येतो. तो सेवेसाठी वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर खत-बियाण्यात संपतो.

मुलं बघत नसतील तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांकडं निर्वाहासाठी अर्ज करता येतो. वकील लागत नाही, दरमहा १०,००० पर्यंत निर्वाह मिळू शकतो. जमीन मुलाच्या नावावर करणार असाल, तर ‘सांभाळ आणि औषधपाणी करण्याच्या अटीवर’ असं बक्षीसपत्रातच लिहा. अट मोडली तर याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. तोंडी शब्द तिथं सिद्ध करणं फार जड जातं.