सगळ्यांना सामावून घ्यायचा स्वभाव ही पण ताकद असते, ऑफिसात आणि घरात ती वापरायची कशी?

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आजचा विषय माझ्या खूप जवळचा आहे, त्यामुळे व्हिडिओ थोडा लांबला तर सांभाळून घ्या.

ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून सकाळी वाशी-पनवेलची लोकल पकडता ना, मग चौथी सीट काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. तिघींच्या बाकड्यापाशी चौथी येऊन उभी राहते, बोलत काही नाही, नुसती बघते. आणि प्रत्येक डब्यात एक तरी बाई अशी असतेच की त्या चौथीने तोंड उघडायच्या आत तीच म्हणते, "सरका गं जरा, बसू दे तिला." स्वतः ती आरामात खिडकीपाशी बसलेली असते, तिचं काहीच अडलेलं नसतं, पण उभी असलेली बाई तिला दिसते. आज मी त्या बाईबद्दल बोलणार आहे.

क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स नावाची एक टेस्ट आहे, गॅलपची, पैसे भरून ऑनलाइन करायची असते. डोनाल्ड क्लिफ्टन म्हणून अमेरिकेत एक मानसशास्त्रज्ञ होते, माणसात काय कमी आहे हे शोधण्यापेक्षा काय चांगलं आहे ते शोधा असं त्यांचं म्हणणं, त्यातून ही टेस्ट उभी राहिली. १७७ प्रश्न, एकेका प्रश्नाला २० सेकंद, आणि शेवटी ३४ गुणांमधले तुमचे सगळ्यात वरचे कुठले ते कळतं. त्या ३४ मध्ये एक आहे 'इन्क्लूडर'. म्हणजे कोण बाहेर राहिलंय हे ज्याला आपोआप दिसतं आणि दिसल्यावर ज्याला चैन पडत नाही असा माणूस. माझ्या पहिल्या पाचात तो आला तेव्हा मला वाटलं ही काय ताकद झाली, हे तर आपण असंच करतो की. पण तीच तर खूण आहे, जे तुम्हाला "असंच" वाटतं ते शेजारी बसलेल्याला दिसतसुद्धा नाही.

आणि बाहेर राहणं ही छोटी गोष्ट नाहीये हं. २००३ मध्ये आयझेनबर्गर, लिबरमन आणि विल्यम्स या तिघांनी एक प्रयोग केला, माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवायचं आणि स्क्रीनवर दोघांबरोबर बॉल टाकायचा खेळ खेळायला लावायचं. थोड्या वेळाने ते दोघं आपसातच बॉल टाकायला लागतात, याच्याकडे येतच नाही. खरं तर ते दोघं कॉम्प्युटरच होते, याला ते माहीत नव्हतं. तर तेवढ्यानेसुद्धा मेंदूचा एक असा भाग जास्त सक्रिय झाला जो अंगाला काही लागल्यावर होणाऱ्या त्रासाशी पण जोडलेला आहे. अनोळखी लोक, साधा बॉल, आणि तरी. मग विचार करा, रोज एकाच टेबलावर डबा खाणाऱ्यांनी असं केलं तर काय होत असेल.

डब्यावरून आठवलं. माझं ऑफिस तुर्भ्याला, टीममध्ये आम्ही बहुतेक सगळे मराठी, आणि दोन वर्षांपूर्वी एक मुलगा कोइंबतूरहून जॉईन झाला. लंचला आमचं मराठीत सुरू व्हायचं, सगळे खो खो हसायचे, मग कोणीतरी त्याला तो जोक हिंदीत नाहीतर इंग्लिशमध्ये सांगायचं, तो कसंनुसं हसायचा आणि मोबाईलमध्ये डोकं घालायचा. मला दिसत होतं पण करायचं काय ते कळत नव्हतं, कारण सगळ्यांना "मराठी बोलू नका" म्हणणं मला पटत नाही, माझ्या भाषेत चार घास खायचा माझाही हक्क आहे ना. मग एकदा लक्षात आलं की जोक झाल्यावर भाषांतर करून काही उपयोग नसतो, त्याला मागची गोष्ट आधी माहीत पाहिजे. मी त्याच्या शेजारी बसायला लागले आणि विषय सुरू होतानाच हळूच सांगायचे, हा अमुक माणूस म्हणजे आमचा जुना मॅनेजर, याला एसीचा रिमोट कोणाच्या हातात दिलेला चालायचा नाही. एवढं वाक्य. पुढचं तो चेहऱ्यांवरून पकडायचा आणि हसू आमच्याबरोबरच यायचं त्याला. आता तोच नवीन आलेल्यांना रिमोटची गोष्ट सांगतो, मराठीत, चुकत चुकत.

पण याच स्वभावाने मी एकीला दुखावलंय पण, ते सांगते. आमच्याकडे एक मुलगी आहे, कामाला एकदम पक्की पण मीटिंगमध्ये गप्प. मला वाटलं हिला कोणी पुढे येऊ देत नाहीये, म्हणून मंथली रिव्ह्यूमध्ये सगळ्या मोठ्या लोकांसमोर मी अचानक म्हटलं, हा भाग हिने केलाय, हीच सांगेल. ती उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि अडकली, हातातला कागद थरथरत होता. नंतर पॅन्ट्रीत चहा घेताना मला म्हणाली, "तुम्ही आधी विचारायला हवं होतं." मी माफी मागितली, पण ते अजून लागतं मला. मी तिला माझ्या पद्धतीने आत ओढलं, तिला कसं यायचंय हे विचारलंच नाही. आता मी आदल्या दिवशी विषय पाठवते आणि विचारते, बोलणार का लिहून देतेस? ती लिहून देते, आणि ते मी तिचं नाव घेऊन वाचते. इन्क्लूडर असाल तर ही एक सवय लावूनच घ्या, हात धरायच्या आधी विचारायचं.

घरी काय होतं की घरचे आपले गृहीत असतात, त्यामुळे ते बाहेर पडलेत हे आपल्याला दिसतच नाही. माझे सासरे, म्हणजे बाबा, आणि आम्ही कळव्याला एकत्र राहतो, बाबांना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं. मशीन आहे पण घोळक्यात सगळाच आवाज मोठा होतो म्हणून ते काढून ठेवतात. आणि बाहेर सगळ्यांचं पुरवणाऱ्या मला घरात कळायला किती दिवस लागले माहितीये? एकदा जेवताना सहज बघितलं, आम्ही हसलो की बाबा पण हसत होते, पण किंचित उशिरा. आमची तोंडं बघून हसत होते. मला घास जाईना.

मग आम्ही घरात थोडं बदललं. जेवताना टीव्ही बंद, बाबांशी किचनमधून ओरडून बोलायचं नाही, समोर बसून तोंडावर उजेड असेल असं बोलायचं, ओरडल्याने शब्द अजून फाटतात. आणि विषय बदलला की आधी सांगायचं, बाबा, गणपतीला गावी जायच्या तिकिटांचं चाललंय. त्या दिवशी माझे मिस्टर म्हणत होते, आजच काढून टाकू, रेल्वेचं रिझर्वेशन १२० दिवस आधी मिळतं म्हणजे सुरू झालं असेल, तर बाबा ताडकन म्हणाले, "आता ६० दिवस झालंय ते, पेपरात आलं होतं!" खरंच होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललंय. बाबा रोज अख्खा पेपर वाचतात, कोणी विचारत नव्हतं इतकंच. आता आमच्या घरी रिझर्वेशनचं खातं त्यांच्याकडे आहे.

शेवटचं सांगते, आमच्या सोसायटीतलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या मेसेजमध्ये दरवर्षी "सर्व सुवासिनींनी" असं जायचं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, काका गेल्यापासून, त्या संध्याकाळी दार लावून बसायच्या. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पुढे सरकारने पण परिपत्रक काढलं, आणि इथे आम्ही शहरातल्या शिकलेल्या बायका, आमच्याने एक शब्द बदलत नव्हता. बदलला एकदाचा, "सगळ्या बायकांनी". एकदोघी नाराज झाल्या, झाल्या तर झाल्या.

पहिल्या वर्षी काकू आल्याच नाहीत. मला वाईट वाटलं, पण पॅन्ट्रीतलं ते वाक्य डोक्यात होतं, म्हणून दुसऱ्या वर्षी नुसता मेसेज न टाकता घरी गेले आणि विचारलं, काकू, तुम्हाला कसं आवडेल? थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "कुंकू नको गं, मला ते आता नको वाटतं. पण तिळगूळ माझ्या हातचा ठेवा, आणि वाण मी वाटते."

यावर्षी दोनशे लाडू केले त्यांनी. हॉलच्या दारातच टेबल टाकून दिलं त्यांना, आत येणारी प्रत्येक जण आधी त्यांच्यापाशीच थांबत होती.