पुढे काय, या प्रश्नाच्या सावलीत

मित्रहो, पदवीचा निकाल लागला की घरात पेढे येतात, आणि ते संपण्याआधीच कोणीतरी विचारते, 'मग आता पुढे काय?' पहिलीपासून पदवीपर्यंतच्या पंधरा वर्षांत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा आपल्यासाठी आधीच ठरलेले होते; पाचवीनंतर सहावी येत होती. ज्याला ठरवण्याची सवयच लागली नाही, त्याच्यावर ती वेळ एकाएकी आली आणि त्याची झोप उडाली, तर तो त्याच्या स्वभावाचा दोष नव्हे.

या अस्वस्थतेला बाहेरचे कारणही आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील रोजगाराच्या अहवालानुसार, २०२२ मध्ये तरुण पदवीधरांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतील ३.४ टक्के. ज्याला घरी बसणे परवडत नाही तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मात्र शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो.

या वाट पाहण्याला आपल्याकडे 'तयारी' हा प्रतिष्ठेचा शब्द मिळाला आहे. मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करतो, एवढे सांगितले की गावातले प्रश्न काही काळ थांबतात. सदाशिव पेठेत, नवी पेठेत कॉट भाड्याने घेऊन, मेस लावून, सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत बसणारी मुले-मुली मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण त्या आयुष्याचे वेळापत्रक त्यांच्या हाती नसते. एप्रिल २०२० मध्ये व्हायची राज्यसेवा पूर्व परीक्षा वारंवार पुढे गेली. १४ मार्च २०२१ ही तारीखही अवघे तीन दिवस उरले असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा विद्यार्थी पुण्याच्या रस्त्यावर उतरले आणि अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. त्या वर्षभराचा खोलीभाड्याचा आणि मेसचा हिशेब कोणत्याही निकालपत्रावर येत नाही.

२०१६ मध्ये राज्य सरकारच्या नोकऱ्यांसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ करण्यात आली. उशिरा शिक्षण पूर्ण करणाऱ्यांना तिचा आधार झाला हे मी मान्य करतो. तरीही, थांबायचे कधी हे स्वतः न ठरवलेल्या मुलासाठी ती आणखी पाच वर्षांची अनिश्चितता ठरू शकते, याची मला काळजी वाटते.

मी स्वतः पदवीनंतर दीड वर्ष घरी होतो. वडील काही बोलत नसत, आणि तेच जड जाई. शेवटी शेतमाल विकून देणाऱ्या ओळखीच्या एका अडत्याकडे पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लिहायला जाऊ लागलो. पगार अगदी थोडा होता, पण सकाळी आठला कोणीतरी माझी वाट पाहत होते; दुपारनंतरचा अभ्यास त्यामुळे कमी झाला नाही, उलट नेमाने होऊ लागला.

म्हणून पुण्याला निघण्याआधी आई-वडिलांसमोर बसून किती प्रयत्न करणार, खर्च कोण आणि कुठवर उचलणार, आणि त्या दिवसानंतर कोणते काम शोधणार, हे तारखेसह वहीत लिहून काढा. तारीख पुढे न्यायची वेळ आली तर तीही त्यांच्यासमोरच न्या. ज्यांच्या घरी हा विषय काढणे अवघड आहे, त्यांनी मला सांगावे. मी त्यांच्याबरोबर घरी येईन.